गावाबाहेरचे खड्डे : होलोकॉस्टचा खेड्यापाड्यांतला भाग

पोलंडच्या ईशान्य भागात येडवाब्ने नावाचे एक लहान गाव आहे. १० जुलै १९४१ रोजी या गावातल्या ज्यू रहिवाशांना एका लाकडी कोठारात कोंडून जिवंत जाळण्यात आले. त्या जागेवर आज एक स्मारक आहे. २०२५ च्या जुलैत, हत्याकांडाच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास, या स्मारकाला लागून असलेल्या खासगी जमिनीवर काही मंडळींनी मोठे दगड उभे केले. हे कृत्य गावातल्या पोलिश लोकांचे नसून जर्मनांचे होते, असे त्यांवरच्या पाट्या सांगत होत्या. जेरुसलेममधील याड वाशेम या स्मृतिसंस्थेने यावर तीव्र आक्षेप घेतला आणि ८४ वर्षांपूर्वीचा एक दिवस पुन्हा बातम्यांत आला.

ही बातमी वाचताना आपल्याकडच्या अनेक वाचकांना प्रश्न पडला असेल की होलोकॉस्ट म्हणजे छळछावण्या, आगगाड्या आणि विषारी वायूच्या कोठड्या, असे आपण शाळेपासून ऐकत आलो, मग त्यात हे खेडे, हे कोठार आणि हे शेजारी कुठून आले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल, कारण या हत्याकांडाचा एक मोठा भाग कुठल्याही छावणीत घडलाच नाही.

छावण्यांपलीकडे काय घडले?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची, म्हणजे आपण ज्यांना यहुदी म्हणतो त्यांची, पद्धतशीर हत्या केली. हाच होलोकॉस्ट. ऑशविट्झ या सर्वांत कुप्रसिद्ध छावणीत सुमारे १० लाख ज्यू मारले गेले. पण जर्मनीने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर तिथल्या व्यापलेल्या प्रदेशात किमान १५ लाख आणि कदाचित २० लाखांहूनही अधिक ज्यू मारले गेले, आणि त्यांतील बहुतेकांना त्यांच्या राहत्या गावाजवळ, खड्ड्याच्या काठावर उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. आजचे लिथुआनिया, लाटव्हिया, बेलारूस, युक्रेन, मोल्दोव्हा आणि पूर्व पोलंड हा त्या भूमीचा पट्टा.

छावणीत माणसांना आगगाडीने मरणाकडे नेले जाई, तर इथे मरण गावोगाव फिरत आले. जर्मन सैन्याच्या पाठोपाठ आइनझात्सग्रुप्पेन नावाची चार फिरती मारेकरी पथके निघाली. चारही पथकांत मिळून साधारण ३,००० माणसे होती. इतक्या थोड्या माणसांनी इतका अफाट संहार एकट्याने करणे शक्यच नव्हते. त्यांच्या जोडीला जर्मन पोलिसांच्या पलटणी होत्या, लष्कराचे साहाय्य होते आणि गावोगावी भरती केलेले स्थानिक पोलीस व स्वयंसेवकही होते. दक्षिणेकडे जर्मनीचा साथीदार असलेल्या रुमानियाच्या सैन्यानेही प्रचंड कत्तली केल्या.

मग जगाला छावण्या ठाऊक आणि हे खड्डे अपरिचित, असे का झाले? छावण्यांतून हजारो माणसे जिवंत बाहेर आली आणि त्यांनी सांगितले, लिहिले. खड्ड्यातून जिवंत बाहेर आलेली माणसे अगदी मोजकी. शिवाय युद्धानंतर हा सगळा प्रदेश सोव्हिएत सत्तेखाली गेला आणि तिथल्या बहुतेक स्मारकांवर ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ एवढेच कोरले गेले. ही माणसे ज्यू होती आणि ज्यू होती म्हणूनच मारली गेली, ही मुख्य गोष्ट दगडावरून गाळली गेली.

ही माणसे तिथे कशी राहत होती?

पूर्व युरोपातील ज्यूंचे जीवन समजून घेण्यासाठी तालुक्याच्या बाजारपेठेचे गाव डोळ्यांसमोर आणावे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी आठवडी बाजाराला येत आणि गावाच्या मधोमध असलेल्या चौकाभोवती शिंपी, चांभार, लोहार, खाटीक, गिरणीवाला, धान्याचा व्यापारी आणि डॉक्टर यांची घरे व दुकाने असत. यांतले बहुतेक जण ज्यू असत. ते घरात यिडिश बोलत आणि बाजारात पोलिश, युक्रेनी किंवा बेलारूसी. अशा गावाला यिडिशमध्ये ‘श्टेटल’ म्हणतात. अनेक श्टेटलांत ज्यूंची संख्या गावाच्या निम्म्याहून अधिक असे. शेतकऱ्याला शिंप्याचे नाव माहीत असे आणि शिंप्याला शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख. संबंध नेहमीच गोडीचे नव्हते. ख्रिश्चन धर्मपरंपरेतून आलेला जुना द्वेष होता, आर्थिक मत्सर होता आणि १९३० च्या दशकात पोलंडमध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराची मोहीमही चालली. तरीही ही माणसे एकमेकांना शेकडो वर्षे ओळखत होती.

आपल्याकडे ज्यू म्हटले की कोकणातले बेने इस्राएल आठवतात. अलिबागच्या परिसरातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी ही मंडळी ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेली. मराठी हीच त्यांची भाषा, आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. गावगाड्यात मुरलेला ज्यू म्हणजे काय, हे मराठी वाचकाला त्यामुळे मुळापासून कळू शकते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की कोकणात त्यांच्याविरुद्ध कोणी धर्मद्वेष पेरला नाही.

त्या प्रदेशाशी आपले आणखी एक नाते आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतांशी याच पूर्व पोलंडमधले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि १९४०-४१ मध्ये तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियाकडे पाठवण्यात आले. वळिवडेला पोहोचलेली कुटुंबे त्यांपैकीच. ही पहिली, सोव्हिएत राजवट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संदर्भ पुन्हा येणार आहे.

एका यादीतली एक ओळ

आइनझात्सग्रुप्पेन या फिरत्या पथकांपैकी एका तुकडीचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१ रोजी वरिष्ठांना एक अहवाल पाठवला. त्याच्या तुकडीने मुख्यत्वे लिथुआनियात केलेल्या हत्यांची ती तारीखवार, गाववार यादी आहे. दुकानदार वर्षअखेरीस खतावणी मांडतो तशी ती मांडलेली आहे : तारीख, गाव, पुरुष, स्त्रिया, मुले, बेरीज. शेवटची बेरीज आहे १,३७,३४६.

त्यातली एकच ओळ पाहू. गाव आयशिश्केस, ज्यू लोक त्याला एशिशोक म्हणत. पुरुष ९८९, स्त्रिया १,६३६, मुले ८२१, एकूण ३,४४६. अहवालात तारीख २७ सप्टेंबर १९४१ आहे, मात्र प्रत्यक्ष हत्या २५ आणि २६ तारखेला झाल्या. ज्यू नववर्षाच्या सणाच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर आपल्या गावात एखादे संकट यावे तसे, गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या ज्यूंना प्रार्थनास्थळांत कोंडण्यात आले. तिथून त्यांना घोडेबाजाराच्या मैदानावर नेले. पहिल्या दिवशी पुरुषांना जुन्या ज्यू दफनभूमीजवळ गोळ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी स्त्रियांना व मुलांना ख्रिश्चन दफनभूमीजवळ.

येगरचा अहवाल मारेकऱ्यांच्या संख्येबद्दलही बोलतो. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली ८ ते १० जर्मन आणि त्यांच्यासोबत लिथुआनियन सशस्त्र गट, अशा फिरत्या टोळीने बहुतेक गावे उरकली. ज्यूंना गोळा करण्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचे अंतर सरासरी ४ ते ५ किलोमीटर होते, अशी अडचणही त्याने नोंदवली आहे. त्याला ते अंतर म्हणजे कामातला व्यत्यय वाटत होते. मारल्या गेलेल्यांत एकट्या आयशिश्केसच्या दीड हजारांवर स्त्रिया होत्या हे त्याच्या खतावणीत आकड्याच्या रूपाने आहे, पण तो त्याबद्दल एक शब्दही लिहीत नाही.

ही यादी आणखी एक गोष्ट उघड करते. जुलैमधल्या नोंदींत बहुतेक ठिकाणी पुरुषांचे आकडे आहेत. ऑगस्टच्या मध्यापासून स्त्रिया आणि मुले यांचे रकाने भरू लागतात. ‘शत्रूचे हस्तक’ मारतो आहोत, हा सुरुवातीचा बहाणा दोन महिन्यांच्या आत गळून पडला होता.

खड्डा कोणी खणला?

एका गावातल्या हजार माणसांना मारायला काय काय लागते, याचा विचार आपण सहसा करत नाही, आणि माझ्या मते खेड्यातली कत्तल समजण्याची किल्ली इथेच आहे. घरोघरच्या ज्यूंची यादी लागते. ती करायला घरे ओळखणारा माणूस लागतो. खड्डा लागतो, त्यासाठी फावडी लागतात आणि खणणारे हात लागतात. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना वाहून न्यायला गाड्या लागतात, म्हणजे गाडीवान आणि घोडे आले. उतरवलेले कपडे गोळा करायला, वर माती किंवा चुना टाकायला, मारेकऱ्यांना दुपारचे जेवण रांधायला माणसे लागतात. एवढे सगळे बाहेरून आणता येत नाही. ते गावातूनच उभे करावे लागते.

फ्रान्समधील कॅथलिक धर्मगुरू पात्रिक देबुआ यांचे आजोबा युद्धकैदी म्हणून आजच्या युक्रेनमधील रावा-रुस्का येथे डांबले गेले होते. आजोबांच्या मौनाचा माग काढत देबुआ तिथे गेले. त्यांनी २००४ मध्ये याहाद-इन उनुम ही संस्था स्थापन केली. संस्थेचे लोक खेड्यापाड्यांत जाऊन १९४१-४२ मध्ये लहान असलेल्या, आता वृद्ध झालेल्या हजारो ग्रामस्थांना भेटले. यांतील बहुतेकांना त्याआधी कोणी काही विचारलेच नव्हते. त्यांनी सांगितले की सकाळी पोलीस दाराशी आला, फावडे घेऊन चल म्हणाला आणि आम्ही गेलो. कोणाला गाडी जुंपायला लावली, कोणाला कपड्यांचे ढीग उचलायला. काही मुलींना मृतदेहांवर चालून ते दाबून बसवायला लावले, म्हणजे पुढच्यांसाठी जागा होईल. खड्ड्यावरची माती तीन दिवस हलत होती, हे वाक्य वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी पुनःपुन्हा उच्चारले.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : वेठ. राजाचा माणूस दाराशी येतो आणि सक्तीने कामाला धरून नेतो, ती वेठ. या ग्रामस्थांपैकी अनेक जण वेठीला धरलेले होते, त्यांना गुन्हेगार म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण त्याच गावात स्वेच्छेने हातात बंदूक घेणारेही होते, लपलेले कुटुंब दाखवून देणारेही होते आणि रिकाम्या झालेल्या घरातली रजई, शिलाई यंत्र आणि गाय यांच्यावर नजर ठेवून असलेलेही होते. एकाच गावात, कधी एकाच घरात, हे सगळे एकत्र नांदत होते. या माणसांना ‘मारेकरी’ आणि ‘बघे’ अशा दोन खणांत नीट बसवू पाहणाऱ्याची इथे निराशाच होते.

खड्ड्याच्या काठावर काय घडत असे, याची एक साक्ष युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात दाखल आहे. हेरमान ग्रेबे हा जर्मन अभियंता बांधकामाच्या कामावर असताना ५ ऑक्टोबर १९४२ रोजी युक्रेनमधील दुब्नो गावाजवळ पोहोचला. त्याला बुटांचा एक ढीग दिसला, ८०० ते १,००० जोड असावेत. कपडे उतरवलेली कुटुंबे एकमेकांना बिलगून उभी होती. पांढऱ्या केसांची एक म्हातारी वर्षाच्या बाळाला कडेवर घेऊन त्याला गाणे म्हणत, गुदगुल्या करत होती आणि बाळ खुदुखुदू हसत होते. एक बाप दहा वर्षांच्या मुलाचा हात धरून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. मुलगा रडू आवरत होता आणि बाप आकाशाकडे बोट दाखवून त्याला काहीतरी समजावत होता.

‘हुकूम होता, नाही म्हटले असते तर त्यांनाच मारले असते’

हा युक्तिवाद मारेकऱ्यांनी न्यायालयात केला आणि तो आजही ऐकू येतो. तो पडताळण्यासाठी पोलंडमधील युझेफुफ या गावाचे उदाहरण पुरेसे आहे. १३ जुलै १९४२ च्या पहाटे जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची पलटण तिथे पोहोचली. तिच्यात ५०० हून थोडे कमी लोक होते, बहुतेक हँबुर्गमधले मध्यमवयीन, संसारी, युद्धापूर्वी गोदीत, दुकानात किंवा कचेरीत काम करणारे. त्यांचा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप याने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की गावातल्या ज्यूंना गोळ्या घालण्याचे काम आपल्याला करायचे आहे, आणि वयस्कर शिपायांपैकी ज्याला हे जमणार नाही त्याने पुढे यावे. साधारण डझनभर लोक पुढे आले. त्यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. उरलेल्यांनी त्या दिवशी सुमारे १,५०० स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना जवळच्या रानात नेऊन मारले. काही जण अर्ध्यावर थांबले आणि त्यांनाही सोडून देण्यात आले.

युद्धानंतर १९६० च्या दशकात हँबुर्गमध्ये या पलटणीतल्या २१० जणांचे जबाब नोंदले गेले, म्हणून हे आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे. नकार दिल्याबद्दल जर्मन शिपायाला मृत्युदंड झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण अशा खटल्यांत बचाव पक्षाला सादर करता आले नाही. मग त्यांनी नकार का दिला नाही? सोबत्यांत भित्रा ठरण्याची लाज, रांगेतून एकट्याने बाहेर पडण्याचा संकोच, आपण सोडले तर ते काम दुसऱ्याच्या गळ्यात पडेल ही भावना, आणि या सगळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे रुजवलेली ही शिकवण की समोरचा माणूस आपल्यासारखा माणूस नाहीच.

हे जर्मन शिपायाबद्दल झाले. वेठीला धरलेल्या ग्रामस्थाची गोष्ट वेगळी होती. त्याला नकाराची किंमत खरोखरच मोजावी लागू शकत होती. दोघांना एकाच तराजूत घालता येत नाही.

येडवाब्नेमध्ये नेमके काय झाले?

आता पुन्हा सुरुवातीच्या गावाकडे. जून १९४१ मध्ये सोव्हिएत सैन्य पळाले आणि जर्मन आले. जर्मन सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख याने याच दिवसांत पथकांना लेखी कळवले होते की स्थानिक लोकांकडून ज्यूंविरुद्ध ‘स्वतःहून’ होणाऱ्या कारवायांना अडवू नये, उलट त्यांना चेतवावे, पण आपला हात त्यात दिसू देऊ नये. आग लावायची, मात्र काडीवर आपले ठसे उमटू द्यायचे नाहीत, असा तो हिशेब होता. येडवाब्नेच्या परिसरात वाँसोश आणि राजिवुफ या गावांत त्याच आठवड्यात ज्यूंची कत्तल झाली होती.

१० जुलैच्या सकाळी ज्यूंना बाजारचौकात बोलावून फरसबंदीतले गवत उपटायला लावले. काही पुरुषांना लेनिनचा पुतळा फोडून त्याचे तुकडे मिरवणुकीने वाहायला लावले. त्यांना आधी मारून त्या तुकड्यांसह कोठाराच्या जागीच पुरले. नंतर स्त्रिया, मुले आणि म्हातारे असा मोठा जमाव कोठारात कोंडला गेला, रॉकेल ओतले गेले आणि आग लावली गेली. जर्मन पोलीस गावात हजर होते. पण हाकलून नेणारे, कोंडणारे आणि आग लावणारे हात गावकऱ्यांचे होते. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २००० ते २००३ या काळात केलेल्या चौकशीचा हाच निष्कर्ष आहे : चिथावणी जर्मनांची, प्रत्यक्ष कृती किमान ४० पोलिश पुरुषांची.

‘मग आकडा १,६०० की ३४०?’

येडवाब्नेच्या जुन्या स्मारकशिळेवर गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) आणि जर्मन पोलिसांनी १,६०० ज्यूंना जाळले, असे कोरलेले होते. ती शिळा २००१ मध्ये हटवली गेली. त्याच वर्षी तिथे अंशतः उत्खनन झाले. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे पुरलेल्या मृतांना हलवणे निषिद्ध असल्यामुळे ते पूर्ण होऊ शकले नाही. चौकशीने बळींची संख्या किमान ३४० धरली. आकडा कमी झाला म्हणजे सगळेच खोटे, असा सूर तेव्हापासून काही जण लावतात. पण नीट पाहिले तर त्या शिळेने दोन विधाने केली होती, संख्या आणि मारेकरी, आणि चौकशीत दोन्ही दुरुस्त झाली. त्यांतली एक दुरुस्ती स्वीकारायची आणि दुसरी नाकारायची, याला इतिहास म्हणता येत नाही.

‘पण ज्यू सोव्हिएत सत्तेला सामील होते ना?’

या समर्थनात सत्याचा एक कण घेऊन त्यावर डोंगर रचलेला आहे. सोव्हिएत राजवटीच्या २१ महिन्यांत काही ज्यू सरकारी कामांत होते, तसे काही पोलिश आणि बेलारूसीही होते. सायबेरियाला हाकलल्या गेलेल्या लोकांत ज्यूंची संख्याही मोठी होती, त्यांची दुकाने सरकारजमा झाली होती आणि त्यांच्या धार्मिक शाळा बंद पडल्या होत्या. आणि समजा एखादा शेजारी त्या सत्तेचा खबऱ्या असेलही, तरी पाळण्यातल्या मुलाने कोणती खबर दिली होती? आयशिश्केसच्या ओळीत ८२१ मुले आहेत.

‘ते पळून का गेले नाहीत?’

अनेकांना वेळच मिळाला नाही. सीमेजवळच्या गावांत जर्मन सैन्य काही तासांत किंवा काही दिवसांत पोहोचले. हिटलरशी करार असेपर्यंत सोव्हिएत वर्तमानपत्रे नाझींच्या अत्याचारांबद्दल गप्प होती. वृद्धांना पहिल्या महायुद्धातले जर्मन आठवत होते आणि ते तुलनेने शिस्तीचे वागले होते. माणसांना नेताना ‘कामावर नेतो’, ‘दुसरीकडे वसवतो’ असे सांगितले जाई. त्यातही पळायचे म्हणजे म्हातारे आईवडील आणि तान्ही मुले मागे टाकून पळायचे, आणि जायचे कुठे, तर रानात, पुढ्यात हिवाळा घेऊन.

तरीही काही जणांनी प्रयत्न केला. सप्टेंबर १९४२ मध्ये युक्रेनमधील तुचिन गावच्या ज्यूंनी जर्मनांनी त्यांना डांबलेल्या कोंडवस्तीला (घेट्टोला) स्वतःच आग लावली आणि सुमारे २,००० लोक रानाकडे धावले. त्यांतले बहुतेक पुढे पकडले किंवा मारले गेले. बेलारूसच्या नालिबोकी अरण्यात बिएल्स्की बंधूंनी लपून राहिलेल्यांची एक वस्तीच उभी केली. तिच्यात लहान मुले आणि म्हातारी माणसेही होती आणि सुमारे १,२०० जण युद्धाअखेर जिवंत बाहेर पडले.

शिक्षा कोणाला झाली?

फिरत्या पथकांच्या २४ अधिकाऱ्यांवर न्यूरेंबर्ग येथे खटला भरला गेला आणि तो १९४७-४८ मध्ये चालला. सरकारी वकील बेन फेरेंझ तेव्हा अवघा २७ वर्षांचा होता. चौदा जणांना फाशीची शिक्षा झाली, पण प्रत्यक्षात चौघांनाच १९५१ मध्ये फासावर चढवले गेले. उरलेल्यांच्या शिक्षा टप्प्याटप्प्याने कमी होत गेल्या आणि १९५८ पर्यंत सगळे मोकळे झाले. कार्ल येगर १९५९ मध्ये पकडला गेला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच त्याने कोठडीत आत्महत्या केली. मेजर ट्रापला १९४८ मध्ये पोलंडमध्ये मृत्युदंड झाला, पण तो ताल्चिन या गावातल्या ७८ पोलिश लोकांच्या हत्येसाठी. युझेफुफच्या ज्यूंचा त्या खटल्यात विषयच निघाला नाही. येडवाब्नेच्या २२ आरोपींचा खटला मे १९४९ मध्ये दोन दिवसांत आटोपला आणि १२ जण दोषी ठरले. एकाला झालेली फाशीची शिक्षा पुढे रद्द होऊन कैदेवर आली.

वाचवणारे कोणीच नव्हते का?

होते, आणि त्यांची किंमत समजल्याशिवाय बाकीच्यांचे मौन समजत नाही. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. मार्कोवा या खेड्यातल्या यूझेफ आणि विक्टोरिया उल्मा या शेतकरी जोडप्याने आठ ज्यूंना घरात लपवले. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी त्या आठही जणांना, उल्मा पतिपत्नीला आणि त्यांच्या सहा मुलांना गोळ्या घातल्या. विक्टोरिया तेव्हा गरोदर होती. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅथलिक चर्चने या सगळ्या कुटुंबाला ‘धन्य’ घोषित केले, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी दिली. पोलंडमध्ये या कुटुंबाचा अभिमान बाळगला जातो आणि तो सर्वस्वी योग्य आहे.

पण मला येडवाब्नेजवळच्या यांचेव्को वस्तीवरची आंतोनिना विझिकोव्स्का अधिक अस्वस्थ करते. तिने आणि तिच्या नवऱ्याने आपल्या शेतावर सात ज्यूंना लपवले. त्यांत श्मुल वासेरश्तायनही होता. त्यानेच एप्रिल १९४५ मध्ये ज्यू ऐतिहासिक आयोगापुढे येडवाब्नेची साक्ष दिली, आणि त्याच साक्षीवरून पुढे सगळे उघडकीस आले. सातही जण वाचले. जर्मन निघून गेले, युद्ध त्या भागापुरते संपले, आसरा देणे हा गुन्हा राहिला नाही, आणि नेमक्या त्यानंतर शेजारच्या माणसांनी आंतोनिनाच्या घरात शिरून तिला मारहाण केली. पाठोपाठ तिला तो मुलूख सोडावा लागला. याड वाशेमने १९७६ मध्ये तिचा गौरव केला, पण तोवर ती माहेरच्या मातीला कधीच दुरावली होती.

पोलंडचे राष्ट्राध्यक्ष आलेक्सांदर क्वाश्निएव्स्की यांनी १० जुलै २००१ रोजी, हत्याकांडाच्या ६० व्या स्मृतिदिनी, येडवाब्नेला येऊन जाहीर क्षमा मागितली. गावातल्या बहुतेकांनी त्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. त्या दिवशी अनावरण झालेल्या नव्या स्मारकावर मृतांचा उल्लेख आहे आणि तारीख आहे, पण कोणी मारले ते लिहिलेले नाही. कोठाराच्या पायाची रेषा दगडांनी आखून ठेवली आहे, आणि २०२५ साली ते दगड उभे केले गेले ते तिच्यापासून काही पावलांवर.